सहाशे चाळीस

माझगावच्या गोदी कामगारांच्या पतपेढीत
डॉसवर चालणारं एक मशीन होतं,
आणि समोर हळदणकरबाई,
चष्म्याची दोरी गळ्यात, डाव्या हाताला कर्जाचे अर्ज.
व्याजाचा प्रोग्रॅम कुणा पिंटो नावाच्या पोरानं लिहिलेला.
पिंटो मस्कतला गेला, पत्ता न ठेवता.
प्रोग्रॅम इथंच राहिला.

नवा प्रिंटर जोडला त्या दिवसापासून तो उघडेना.
पुरेशी मेमरी नाही, एवढंच म्हणायचा,
काळ्यावर पांढरं, आणि गप्प.

सेक्रेटरी डिचोलकरांनी कमिटीत ठराव केला,
माझ्याकडून लॅमिंग्टन रोडवरनं
बत्तीस एमबीची पट्टी आणवली, पक्क्या पावतीसकट.
मी बसवली. मशीननं सुरू होताना मोजली,
आकडे भराभरा चढले, बाई हसल्या.
प्रोग्रॅम पुन्हा तेच म्हणाला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले.
सोनार पाटली दगडावर घासतो
तेव्हा बघतात तसे.

आता सांगायचं कसं,
की ह्याला सहाशे चाळीस केबीच्या पलीकडचं
काही दिसतच नाही?
त्याच्या वरच्या जागेत थोडं घरमालकाचं सामान,
पडद्याचं, बायोसचं, कुलूप घातलेलं.
आणि त्याहीवर ही आपली बत्तीस एमबी,
लाद्या पुसून तयार,
कुणी राहायला न आलेली.

बाई म्हणाल्या, "म्हणजे जागा आहे,
पण त्याला ती माहीत नाही."
इतकं नेमकं मॅन्युअलमध्येही नव्हतं.

मग मी कॉन्फिग फाईल उघडली
आणि समोर आली आमची भोईवाड्यातली खोली.
दहा बाय बारा, माणसं सात.
सगळा खेळ कोण आधी आडवं होतं यावर.
बाबा मोरीच्या भिंतीला, कारण ते रात्रभर हलत नसत.
आत्याचा विश्राम आधी झोपला
तर पाय पसरून दोघांची जागा खायचा;
शेवटी झोपला की मावायचा, कसाही, कपाटाखाली पाय घालून.
आईनं कधी कुणाला बाहेर काढलं नाही.
नुसता क्रम बदलायची.
आणि रोज लागत नाही ते पोटमाळ्यावर.

तर माउस माळ्यावर टाकला.
(बाईंनी त्याला कधी हातही लावला नव्हता.)
पाचशे एकाहत्तरचे पाचशे शहाऐंशी झाले.
हवे होते पाचशे नव्वद.
चार केबी कमी.
चार केबी म्हणजे किती, बाईंनी विचारलं.
म्हटलं, गावाहून आलेलं दोन पानी पत्र.
"एवढ्यासाठी?" म्हणाल्या, आणि चहा मागवला.

चहा येईतो ओळी वरखाली करत बसलो.
डिस्कची कॅश आधी, प्रिंटरचा ड्रायव्हर मागून.
तोच पसारा, तीच खोली.
सहाशे एक.

प्रोग्रॅम उघडला. पहिलं खातं आलं:
नारबा धोंडू पेडणेक.
शेवटचं अक्षर रकान्यात मावलेलं नव्हतं,
पिंटोनं आखलाच होता तेवढा.
बाई तो र मनात लावूनच वाचत,
गेली अकरा वर्षं.

पट्टी परत घ्यायला मी तयार होतो.
डिचोलकर म्हणाले, राहू द्या, ठराव झालाय.

आता मुलुंडला आमच्या तीन खोल्या आहेत.
आईला आम्ही आतली दिली, खिडकीची.
ती रात्री सतरंजी घालते बाहेरच्या खोलीत,
दाराजवळ, भिंतीला चिकटून,
कुशीवर.
एकदा म्हटलं, आई, आत सगळं रिकामं आहे गं.
असू दे की, म्हणाली,
आणि मला जायला वाट व्हावी म्हणून
पाय आणखी जवळ घेतले.